भिंतीने दिलेली बातमी : पेशीभित्तिका, विकरं आणि वनस्पतींचा रोगप्रतिकार

या मालेत आपण एकेका कल्पनेचा इतिहास पाहत आलो आहोत. आजची कल्पना दिसायला फार साधी आहे. भिंत. वनस्पतीच्या पेशीभोवती एक कडक आवरण असतं, त्याला पेशीभित्तिका म्हणायचं, प्राण्यांच्या पेशीला ते नसतं, आणि परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नात त्याला एक गुण असायचा. तिथे विषय संपायचा. तो तिथेच का संपायचा, हे आज पाहायचं आहे.

आम्ही वनस्पतिशास्त्राचे नव्हे. उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. त्यामुळे प्रयोगशाळेतले बारकावे सांगताना आम्ही जपूनच बोलू. पण एखादं रूपक शास्त्रात कसं शिरतं, ते काय दाखवतं आणि काय झाकून ठेवतं, हे पाहणं हा आमचा धंदाच आहे.

आधी प्रश्न नीट मांडू. झाडाला रक्त नाही, रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत, जागा सोडून पळता येत नाही. मातीतून, हवेतून, पावसाच्या थेंबांतून बुरश्या आणि जिवाणू सतत त्याच्या अंगावर येत असतात. असं असूनही रानात गेलात तर बहुतेक झाडं बहुतेक वेळा धडधाकट उभी दिसतात. गव्हाचा तांबेरा आंब्याला होत नाही. म्हणजे रोग पडणं हा अपवाद, न पडणं हा नियम. मग हा नियम कशाच्या जोरावर चालतो?

पहिलं उत्तर अर्थातच भिंत. आणि या भिंतीची जन्मकथा मजेदार आहे. लंडनमध्ये १६६५ साली रॉबर्ट हूकचं 'मायक्रोग्राफिया' प्रसिद्ध झालं. त्याने बुचाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, त्याला मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्या कप्प्यांना त्याने 'सेल' म्हटलं; मठातल्या कोठडीलाही तोच शब्द आहे. एका घनइंचात असे १२० कोटींहून जास्त कप्पे असावेत, असा हिशेबही त्याने मांडला. आता बूच म्हणजे काय? एका जातीच्या ओक वृक्षाची साल. तिच्यातल्या पेशी मेलेल्या असतात, आतलं सगळं गेलेलं असतं, उरतात त्या नुसत्या भिंती. हिरव्या झाडांत रसाने भरलेले कप्पे हूकलाही दिसले होते, नाही असं नाही. पण जीवशास्त्रातल्या सगळ्यांत मूलभूत शब्दाचं बारसं झालं ते रिकाम्या घराकडे बघून.

जाता जाता, आपल्या भाषांनी या शब्दाचं काय केलं बघा. हिंदीने 'कोशिका' म्हटलं; कोश म्हणजे आवरण, खोळ. तिने भिंत राखली. मराठीने 'पेशी' घेतला, ज्याचा संस्कृतातला अर्थ मांसाचा गोळा. आपण भिंत सोडून आतला ऐवज उचलला. दोन्ही शेजारणींनी एकाच शब्दाचे दोन अर्धे वाटून घेतले, असं म्हणा हवं तर.

मराठीने जे भाषांतरात केलं, ते एकोणिसाव्या शतकात युरोपीय शास्त्रानेही केलं. भिंत मागे पडली, आतला जीवरस पुढे आला. १८६१ साली माक्स शुल्त्सेने पेशीची व्याख्या केली, त्यात केंद्रक असलेला जीवरसाचा गोळा तेवढा आवश्यक ठरला. भिंत असली काय, नसली काय. १८६८च्या नोव्हेंबरात एका रविवारी संध्याकाळी टी. एच. हक्सलीने एडिंबरोमध्ये जीवनाच्या भौतिक आधारावर एक जाहीर व्याख्यान दिलं. ते पुढे छापून आलं आणि त्या काळात भलतंच गाजलं. अंगाला लागली की आग करणारी नेटल नावाची एक वनस्पती असते, तिचं उदाहरण त्याने घेतलं होतं. तिच्या पेशीची भिंत त्याच्या वर्णनात एक लाकडी पेटी झाली. पेटीत ठेवलेल्या वस्तूला किंमत, पेटीला नाही. जाहीर व्याख्यानांचा हा एक धोका असतो, त्यांतल्या उपमा फार दिवस टिकतात!

पण ज्यांच्या शेतात पीक सडत होतं, त्यांना या पेटीकडे बघावंच लागलं. १८४५ साली युरोपात बटाट्यावर करपा आला. आयर्लंडमध्ये पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं भुकेने आणि साथींनी मेली, आणि तितकीच, कदाचित जास्तच, देश सोडून गेली. तेव्हा वाद काय चालला होता? पानांवर पांढुरकी बुरशी दिसत होती, ती सगळ्यांनाच दिसत होती. जॉन लिंडलीसारखा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणत होता की गारठ्या-पावसामुळे झाडांनी पाणी जास्त शोषलं, ती सडली, आणि सडल्यावर बुरशी आली. माइल्स बर्कली नावाचा एक पाद्री म्हणत होता की नाही, बुरशी आधी आणि सडणं नंतर. कारण कोणतं आणि कार्य कोणतं, हा आमच्या शास्त्रातला जुनाच प्रश्न. इथे त्याच्या उत्तरावर लाखो ताटं अवलंबून होती. १८६१ साली जर्मनीत आंतोन द बारीने प्रयोगांनी बर्कलीचं म्हणणं सिद्ध केलं आणि १८७६ मध्ये त्या जीवाला 'फायटोप्थोरा' हे नाव दिलं. ग्रीकमधून अर्थ घेतला तर झाडांचा नाश करणारा.

आता द बारीची दुसरी गोष्ट. ती कमी सांगितली जाते, पण आपल्या विषयासाठी तीच महत्त्वाची. बुरशी आत शिरते हे ठरलं, पण शिरते कशी? भिंत फोडते की विरघळवते? १८८६ साली, मृत्यूच्या दोनच वर्षं आधी, द बारीने स्क्लेरोटिनिया या बुरशीने सडवलेल्या गाजरांसारख्या भाज्यांचा रस काढला. हा नुसता रस, त्यात बुरशी नाही, निरोगी भाजीच्या तुकड्यांवर टाकला तरी पेशी एकमेकींपासून सुटू लागल्या. रस उकळला की त्याची ही ताकद जायची. उकळल्याने जाणारी ताकद म्हणजे विकर, ज्याला आपण सर्रास एन्झाइम म्हणतो. हा शब्दही तेव्हा नवा होता, विल्हेल्म क्यूनेने तो दहाएक वर्षांपूर्वीच घडवला होता. १८८८ मध्ये इंग्लंडात मार्शल वॉर्डने लिलीच्या फुलझाडावरच्या बुरशीत असंच काही दाखवलं. हा वॉर्ड त्याआधी सिलोनमध्ये कॉफीच्या मळ्यांची तांबेऱ्याने झालेली दैना पाहून आलेला होता. पुढे १९०९ मध्ये अमेरिकेत एल. आर. जोन्सने गाजर सडवणाऱ्या जिवाणूतलं विकर तपासलं.

हे सगळं आपल्या स्वयंपाकघरातही घडतं. पावसाळ्यात बटाट्याच्या टोपलीत तळाशी एखादा बटाटा नासतो. साल जवळपास शाबूत असते, बोट लावलं की आत लगदा, आणि वास असा की टोपली बाहेर न्यावी. तो लगदा म्हणजे काय? दोन पेशींच्या मध्ये जो सांधा असतो, विटांमधल्या चुन्यासारखा, तो मुख्यतः पेक्टिनचा असतो. पेरूची जेली ज्याने धरते तेच पेक्टिन. जिवाणू आपलं विकर सोडतो, चुना विरघळतो, विटा सुट्या होतात. त्या जिवाणूचं आजचं नावच पेक्टोबॅक्टेरियम आहे.

पेक्टिनला हे नाव १८२५ मध्ये आंरी ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दिलं. नान्सी गावातल्या वनस्पतिउद्यानाचा तो प्रमुख होता. याच माणसाने १८११ मध्ये अळिंबीतून एक चिवट पदार्थ वेगळा काढला होता. आज त्याला कायटिन म्हणतात. बुरशीच्या पेशीभिंतीत तो असतो, खेकड्याच्या कवचात आणि कोलंबीच्या टरफलात असतो. म्हणजे पुढे ज्या दोन पक्षांची लढाई आपण पाहणार आहोत, त्या दोघांच्या भिंतींचा माल एकाच माणसाने चौदा वर्षांच्या अंतराने शोधला होता. त्याला स्वतःला या लढाईची कल्पना असण्याचं कारण नव्हतं. हे दोन शोध एकमेकांसमोर यायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

एवढा वेळ का लागला? आमच्या मते उत्तर रूपकात आहे. भिंत म्हटलं की वेढा आला. वेढ्यात भिंत फक्त टिकते किंवा पडते. जाड असेल तर शत्रू बाहेर, पातळ असेल तर आत. वनस्पती काय करते तर फार तर डागडुजी. बुरशी टोचते त्या जागी आतून गिलावा चढतो, हे एकोणिसाव्या शतकातच दिसलेलं होतं. त्यातल्या एका पदार्थाला लुई मांजँने १८९० मध्ये कॅलोज हे नाव दिलं. लिग्निन, म्हणजे लाकडाला लाकूडपण देणारा पदार्थ, तोही जखमेच्या कडेला जमतो. पेरॉक्सिडेज नावाची विकरं हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून तो सांधतात. हे सगळं खरं आहे, आजही खरं आहे. पण या चित्रात भिंत मुकी आहे.

ती बोलू लागली १९७०च्या दशकात. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डरला पीटर अल्बरशाइम यांचा गट पेशीभित्तिकेच्या रसायनावर काम करत होता. १९७१ साली त्यांनी आणि अ‍ॅन अँडरसन यांनी दाखवलं की राजम्याच्या आणि टोमॅटोच्या खोडातल्या पेशीभिंतीत अशी प्रथिनं असतात, जी बुरशीच्या पेक्टिन तोडणाऱ्या विकराला अडवतात. विकर म्हणजे किल्ली धरली, तर हे त्या किल्लीला बसवलेलं कुलूप. इथपर्यंत गोष्ट वेढ्याचीच राहिली. भिंतीत पहारेकरी सापडले इतकंच.

खरी कलाटणी पुढे आली. १९८१ मध्ये याच गटाने सोयाबीनवर काम करताना दाखवलं की स्वतःच्याच भिंतीचे तुकडे मिळाले की वनस्पती बुरशीनाशक द्रव्यं बनवू लागते. या द्रव्यांची कल्पना जुनी होती. १९४० मध्ये म्युलर आणि ब्योर्गर यांनी जर्मनीत बटाट्यावर, त्याच करप्यावर काम करताना, त्यांना फायटोअ‍ॅलेक्सिन हे नाव दिलं होतं. ती बनवायची वर्दी कोण देतं, याचं एक उत्तर आता मिळालं. तुटलेली भिंत देते.

इथे थोडं थांबू, कारण सगळ्या विषयाचं मर्म इथे आहे. पेक्टिनचा मुख्य भाग म्हणजे गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाच्या कड्यांची लांब साखळी. साखळी अख्खी असेल तर काही बातमी नाही, घर जागच्या जागी आहे. बुरशीच्या विकराने तिचा पार चुरा केला, एकेक दोन-दोन कड्या उरल्या, तरीही बातमी नाही. तो चुरा बुरशीचा घास झाला. बातमी असते ती मधल्या लांबीच्या तुकड्यात, साधारण १० ते १५ कड्यांच्या. आता प्रश्न असा की विकर जोरात चालू असताना हे मधल्या लांबीचे तुकडे टिकणार कसे? क्षणभरात त्यांचाही चुरा होणार. इथे १९७१चं ते कुलूप परत येतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रोममधल्या फेलिचे चेर्वोने आणि जुलिया दे लोरेंत्सो यांनी अल्बरशाइम यांच्या गटाबरोबर असं दाखवलं की ते प्रथिन विकराला पूर्ण बंद पाडत नाही, त्याचा वेग कमी करतं. आणि वेग कमी झाल्यामुळे नेमके ते मधले तुकडे साचत जातात. वेढ्याच्या चित्रात हे कुलूप अर्धवट, काहीसं निकामी ठरलं असतं. नव्या चित्रात त्याचं अर्धवटपणच कामाचं आहे. चोराला ते दाराशी रेंगाळत ठेवतं, म्हणजे त्याच्याच हातोडीचा आवाज घरभर जातो.

न्यायशास्त्र शिकलेल्यांना इथे डोंगरावरचा धूर आठवेल. धूर दिसला, म्हणून आग आहे असं अनुमान. तुकडा हा धूर, हल्ला ही आग. पण नैयायिक लगेच विचारेल की धूर आगीशिवाय कधीच नसतो ना? नाहीतर हेतू सव्यभिचारी ठरेल. आणि इथे तो ठरतोच! झाड स्वतःसुद्धा स्वतःच्या भिंती तोडत असतं. अढीत घातलेला हापूस मऊ होतो तो कशाने? आंब्याच्या स्वतःच्याच विकरांनी पेक्टिन विरघळवलेलं असतं. (आणि म्हणूनच कच्च्या फळावर आठवडेच्या आठवडे गप्प बसलेली करप्याची बुरशी फळ पिकल्यावर काळे डाग घेऊन उठते. बागायतदाराला हे सांगायची गरज नाही.) शिवाय किडीने कुरतडलं, वाऱ्याने फांदी मोडली, तरी भिंत तुटतेच. तेव्हा स्वतःच्या भिंतीचा तुकडा एवढंच सांगतो की काहीतरी मोडलंय. कोणी मोडलं, ते सांगत नाही.

त्यासाठी दुसरं लिंग हवं, जे झाडात कधीच नसतं. ब्राकोनोचा तो जुना कायटिन इथे कामाला येतो. वनस्पतीच्या अंगात कायटिन नाही. तरीही कायटिन तोडणारं विकर, कायटिनेज, वनस्पतींमध्ये भरपूर सापडतं. पपईच्या चिकात आहे, घेवड्याच्या पानात आहे. स्वतःकडे नसलेली वस्तू तोडायचं हत्यार एखाद्याने घरात का ठेवावं? बाझेलमधल्या टोमास बोलर यांच्या गटाने १९८६ मध्ये याचं थेट उत्तर दिलं, घेवड्यातलं शुद्ध कायटिनेज बुरशीची वाढ रोखतं. दोन वर्षांनी त्यांनी असंही दाखवलं की ग्लुकानेज हे दुसरं विकर जोडीला दिलं तर परिणाम पुष्कळ जास्त बुरश्यांवर होतो. आता हल्ला उलट दिशेने चालू झाला, भिंत तोडणारा झाड आणि भिंत वाचवणारी बुरशी. आणि इथेही तुटलेले तुकडे बातमी देतात. कायटिनचे तुकडे पकडणारं ग्राहक प्रथिन जपानी संशोधकांना २००६ साली भातात सापडलं.

बुरशीही गप्प बसत नाही. टोमॅटोच्या पानावर एक बुरशी येते, तिच्यावर नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन इथे बरंच काम झालं आहे. ती एक प्रथिन सोडते, जे तिच्या स्वतःच्या कायटिनला लपेटून कायटिनेजपासून वाचवतं. दुसरं एक प्रथिन सोडते, जे सुटे पडलेले कायटिनचे तुकडे झाडाला कळायच्या आत गिळून टाकतं. म्हणजे एक चिलखत, आणि दुसरा चक्क पुरावा नष्ट करणारा. आणि १८४५चा तो फायटोप्थोरा? तो तर खरी बुरशी नव्हेच, हे आता कळलं आहे. त्याची भिंत कायटिनची नाही. सेल्युलोज आणि त्याच्या जातकुळीतल्या ग्लुकानांची आहे. सेल्युलोज, म्हणजे झाडाच्याच घरातला माल. शत्रू आपल्याच गणवेशात आलेला. कायटिनेजचं हत्यार त्याच्यापुढे निरुपयोगी. पण त्याच्या ग्लुकानांची बांधणी वेगळी असते, आणि सोयाबीन ती ओळखू शकतं, हे अल्बरशाइम यांच्या गटाने १९७६ मध्येच दाखवलं होतं.

किडींचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक सावधगिरीची सूचना आहे. १९७२ मध्ये क्लॅरन्स रायन यांनी दाखवलं की टोमॅटोचं एक पान भुंगेऱ्याने खाल्लं तर लांबच्या, न खाल्लेल्या पानांतही किडीचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार होतात. ही बातमी कोण नेतं? आधी वाटलं, भिंतीचे तुकडेच नेत असतील. पण ते तुकडे फार लांब जात नाहीत. १९९१ साली रायन यांच्याच गटाला १८ अमिनो आम्लांचा एक छोटा पेप्टाइड सापडला, सिस्टेमिन. तेव्हा सगळी बातमी भिंतच देते, असं मानायची घाई नको. किडीचं पचन बिघडवण्याच्या या धाग्यावर आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही, हरभऱ्यावरच्या घाटेअळीला समोर ठेवून, बरंच काम झालं आहे.

'मग झाडाला कळतं का हो?' हा प्रश्न अशा व्याख्यानांत हमखास येतो, म्हणून आत्ताच बोलून टाकतो. अनुमानाला जो जाणणारा लागतो, तो इथे कुठे दिसत नाही. तुकडा ग्राहकाला चिकटतो, प्रथिनाचा आकार बदलतो, पुढची साखळी हलते, इतकंच. आम्ही धुराचं उदाहरण दिलं ते रचना समजावी म्हणून. झाडाला न्यायशास्त्र येतं असं सांगण्यासाठी नव्हे. हक्सलीच्या पेटीने भिंतीला फार कमी लेखलं. आज काही लोकप्रिय पुस्तकं झाडांच्या तोंडी संभाषणं घालून उलटी चूक करतात. आणि बाजारात कोलंबीच्या टरफलांपासून केलेलं कायटोसान 'झाडाची प्रतिकारशक्ती वाढवणारं' म्हणून विकलं जातं, तेव्हा ते काय आहे हे समजून घ्या. ते औषध नव्हे, हल्ल्याची घंटा वाजवणं आहे. घंटा ऐकून झाड कामाला लागतं हे खरं, पण त्या कामाला लागणारं अन्न वाढीतून आणि फळातून वजा होतं, हेही तितकंच खरं.

आता शेवटचं एक प्रकरण. कॅलोजचा तो गिलावा आठवतो ना? शंभरेक वर्षं सगळे धरून चालले होते की तो चढला तर बुरशी अडते. २००३ साली दोन वेगवेगळ्या गटांनी अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात तो गिलावा बनवणारं जनुक बंद पाडलं. अपेक्षा अशी की रोप भुरी रोगापुढे कोसळेल. झालं उलटं! बिनगिलाव्याची रोपं भुरीला जास्त दाद देईनात. तपास केला तेव्हा दिसलं की त्या रोपांमध्ये सॅलिसिलिक आम्लाची प्रतिकारयंत्रणा जास्त जोरात चालली होती. ती बंद केली की रोप पुन्हा रोगाला बळी पडायचं. म्हणजे भिंत बांधणारं विकर नसणं हीसुद्धा आत एक बातमी ठरत होती. काहींनी लगेच निष्कर्ष काढला की गिलावा कुचकामी. पण २०१३ मध्ये उलटा प्रयोग झाला. तेच विकर रोपात वाढवलं, त्यामुळे बुरशी टोचताक्षणीच भरपूर कॅलोज जमलं, आणि भुरीला आत शिरताच आलं नाही. दोन्ही निकाल खरे आहेत, ते एकत्र कसे बसवायचे यावर अजून खल चालू आहे. वेळ झाली आहे, आता तुमचे प्रश्न घेऊ.